डॉक्टरीणबाईंची शेवटची दोन वर्षं

१ जून
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात, आणि यंदा माझ्या हातून काहीतरी मोठं होणार हे नक्की.
बायको जनावरांच्या डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षात गेली. पाच वर्षांचा कोर्स. तीन पार पडली, शेवटची दोन राहिली. लग्न झालं तेव्हा ती एका प्राण्यांच्या दवाखान्यात फोन घ्यायची. मीच म्हटलं, तू शीक, पैशांचं माझ्यावर सोड. फार छान म्हटलं होतं. ती रडली होती.
आता फी वाढलीय. प्रॅक्टिकल इतकी, की तिला पार्टटाइम काम जमणार नाही. म्हणजे सगळा भार एका खांद्यावर. खांदा मजबूत आहे. सकाळी जिना चढताना जरा दुखला, पण तो दुसरा.

४ जून
मेव्हणा आला होता. बँकेत आहे, त्यामुळे घरातही हळू आवाजात बोलतो. म्हणाला, भाऊजी, शैक्षणिक कर्ज होऊन जाईल. तुमच्या पगाराच्या स्लिपा द्या, मी जामीन राहतो. डॉक्टरीणबाईंचा चेहरा खुलला. मी चहाचा विषय काढला. मेव्हण्याच्या ओंजळीनं पाणी प्यायला मी काय तहानेनं मरतोय?
तो गेल्यावर तिनं विचारलं, स्लिपा देशील ना? म्हटलं, बघतो. 'बघतो' हा मोठा सोयीचा शब्द आहे.

११ जून
आमच्या गाद्यांच्या दुकानात विक्रीत माझा हात धरणारा कोणी नाही. (विक्रीला मी एकटाच आहे, पण मुद्दा तो नाही.) आज एक बाई आल्या. घरच्या गादीवर पडलं की शिंका येतात म्हणाल्या. मालक म्हणाले, धूळ असते हो आत, नवीन घ्या. बाई नवीन न घेता गेल्या.
आणि डोक्यात वीज चमकली. घरोघर जाऊन गाद्या साफ करून द्यायच्या! यंत्र मिळतं. शहरात घरं किती, घरात गाद्या किती. गुणाकार केला. डोकं गरगरलं म्हणून थांबवला.

१९ जून
राजीनामा दिला. मालक म्हणाले, नीट विचार केलास का? म्हटलं, विचार करणारे नोकरीतच राहतात. मालकांना उत्तर सुचलं नाही. ते आयुष्यभर मालकच आहेत, त्यामुळे सुचणं कठीणच होतं.
घरी इतक्यात सांगायचं नाही. सरप्राइज. रोज नेहमीच्या वेळेला डबा घेऊन निघायचं.
डबा बागेत खाल्ला. हवा उत्तम.

२५ जून
यंत्र आलं. निळं. देखणं. पैसे फीसाठी बाजूला ठेवले होते, त्यातले घेतले. खरं म्हणजे सगळेच. पण खर्च केले नाहीत, गुंतवले. फी भरायची सप्टेंबरअखेर. तोवर दुपटीनं परत.
यंत्र जिन्याखाली ठेवून वर चादर टाकलीय. शेजाऱ्यांना सांगितलं, कूलर आहे.

८ जुलै
पहिलं गिऱ्हाईक. एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई. यंत्राला पारदर्शक डबा आहे, त्यात निघालेली धूळ दिसते. विक्रीचा खरा मुद्दा तोच. काम झाल्यावर ती राखाडी भुकटी दोघांसमोर धरली आणि ठसक्यात म्हटलं, बघा, इतकी वर्षं तुम्ही हे असं घरात ठेवलंत!
बाई उठून आत गेल्या. मास्तर म्हणाले, गादी आमच्या मुलाची आहे. त्याच्यानंतर कोणी झोपलं नाही तिच्यावर. आज कधी नव्हे ते हिला तयार केलं होतं.
पैसे घ्यायचं धाडस झालं नाही. हा अपवाद समजायचा.

२ ऑगस्ट
धंद्याचा अभ्यास पूर्ण झाला. निष्कर्ष: धूळ दाखवली तर लोक पुन्हा बोलावत नाहीत. नाही दाखवली तर पैसे देताना कां कूं करतात. मधला मार्ग शोधतोय.
डॉक्टरीणबाईंनी स्लिपांचं पुन्हा विचारलं. म्हटलं, मालक बाहेरगावी गेलेत.
आज तिनं पहिल्यांदा गाभण गाईच्या आत खांद्यापर्यंत हात घातला. जेवताना तेच सांगत होती. वासराचा पाय बोटांना लागला, आणि त्यानं तो चटकन आखडून घेतला. अजून जन्म नाही, आणि पाय मात्र स्वतःचा, म्हणाली. घास हातातच राहिला होता तिचा. त्या वेळी मला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. मग वाटलं, एवढ्या आनंदात मिठाचा खडा कशाला?

१४ सप्टेंबर
मेव्हण्याचा फोन. भाऊजी, कर्जाचं अजून जमेल, पण स्लिपा या आठवड्यात हव्यात. माझ्या बहिणीचा प्रश्न आहे. म्हटलं, माझ्या बायकोचा आहे, मी समर्थ आहे. फोन ठेवला तेव्हा वाटलं, बरी जिरवली. संध्याकाळी वाटलं, कोणाची?
यंत्राची चौकशी केली. विकायचं म्हणून नव्हे, भाव कळावा म्हणून. दुकानदार म्हणाला, याचे सुटे भाग मिळत नाहीत, भंगारात द्या. त्याला धंद्याची दृष्टी नाही.

३० सप्टेंबर
फीचा शेवटचा दिवस. कॉलेज काही सावकार नाही. चार दिवस इकडेतिकडे चालतात.
सकाळी गमबूट चढवता चढवता तिनं विचारलं, भरलीस ना? म्हटलं, झालं काम. खोटं बोललो नाही. काल एका घरी काम झालंच होतं. कुठलं काम, हे तिनं विचारलं नाही.

१० ऑक्टोबर
कळलं.
परीक्षेच्या यादीत तिचं नाव नव्हतं. कॉलेजच्या खिडकीवर म्हणाले, फी आलेली नाही, हे वर्ष धरता येणार नाही. तिला वाटलं, त्यांचाच घोळ. म्हणून ती तिथून थेट गाद्यांच्या दुकानात गेली. मला घेऊन जायला. मी येऊन त्यांच्याशी भांडावं म्हणून.
मालकांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग सांगितलं.
मी कधीपासूनच भाषण तयार ठेवलं होतं. गुंतवणूक, धीर, दूरदृष्टी वगैरे. ती आली, बसली. विचारलं, "डबा कुठे खात होतास?"
म्हटलं, बागेत.
"पावसात?"
म्हटलं, बसस्टॉपवर.
तिनं मान हलवली आणि आत गेली. आवाज चढवला नाही, काही नाही. म्हणजे समजून घेतलं. माझी निम्मी काळजी मिटली.

११ ऑक्टोबर
समजून घेतलेलं नाही.
सकाळी म्हणाली, पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच, पण पैसे गेले तर गेले. वर्ष माझं होतं रे. विचारलं असतंस तर कदाचित मी होसुद्धा म्हटलं असतं.
म्हटलं, अगं, तुझ्यासाठीच करत होतो.
म्हणाली, "माझ्यासाठी. पण मला वगळून."


३ नोव्हेंबर
तिचं एक वर्ष वाया गेलं. ती पूर्वीच्याच दवाखान्यात कामाला लागली. आता फोन घेत नाही, पिंजरे धुते आणि कुत्री धरते. तिच्या बरोबरीची मुलं परीक्षेच्या सुट्टीत तिथे शिकायला येतात. ती त्यांना पट्टी कशी बांधायची ते दाखवते.
मी मालकांकडे गेलो. विक्रीची जागा भरली होती. गोदामात घेतलं. पगार कमी. म्हटलं, तात्पुरतं आहे हं. मालक म्हणाले, हो हो, तात्पुरतं. फार चांगला माणूस. माझ्याकडे बघून बोलले असते तर अजून बरं वाटलं असतं.
संकल्प: पुढच्या वर्षाची फी मीच भरणार.

१८ जानेवारी
दूध संघाची योजना निघालीय. उरलेल्या दोन वर्षांची फी संघ भरणार, दरमहा थोडा भत्ता देणार. बदल्यात पुढे पाच वर्षं त्यांच्या लांबच्या केंद्रावर नोकरी. तिनं सही केली. मला नंतर सांगितलं.
म्हटलं, निदान मला विचारायचं तरी!
ती नुसती बघत राहिली. तेव्हा कुठे मला माझं वाक्य ऐकू आलं.

९ जून
डॉक्टरीणबाई पुन्हा चौथ्या वर्षात. होस्टेलवर राहणार. गोठ्याची पाळी पहाटे असते, त्यामुळे सोयीचंच. पुस्तकं थोडी थोडी नेते. कपाट बरंच मोकळं झालं. यंत्र जिन्याखालून घरात घेतलं. एकंदरीत जागेचा प्रश्न सुटला.
रविवारी येत जाईन म्हणाली.

२० ऑगस्ट
रविवार. आली नाही. परीक्षा असेल.
मागच्या रविवारीही परीक्षाच असेल. अवघड कोर्स आहे.

१२ सप्टेंबर
मीच गेलो. डोक्यात नवी योजना होती: तिच्या केंद्राच्या गावी गाद्यांचं छोटं दुकान. पाच वर्षं ती तिथे, मी तिथे. सगळं बसमध्ये मनाशी घोकलं.
पोचलो तर गोठ्यात धावपळ. गाय अडली होती. ती हात घालून ओणवी, कपाळावर केस चिकटलेले. मला बघून इतकंच म्हणाली, "ये, हा दोर धर. मी सांगितल्याशिवाय ओढायचं नाही."
धरला. तिनं 'आता' म्हटलं की ओढायचो, 'थांब' म्हटलं की थांबायचो. बाहेर आलं तेव्हा वासरू हलत नव्हतं. तिनं त्याचं नाक साफ केलं, गवताच्या काडीनं गुदगुल्या केल्या, छाती चोळली. वासरू शिंकलं. ती हसली. असं हसताना मी तिला कधी पाहिलं होतं, ते आठवेना.
मग माझ्याकडे वळून म्हणाली, "थँक्यू हं."
रस्त्यात पाकीट उचलून दिलं की म्हणतात तसं.
योजना सांगितली नाही. गेटपर्यंत सोडायला आली. माझा हात हातात घेतला नाही. हात बरबटलेले होते म्हणून, असं मी धरून चालतो.

५ ऑक्टोबर
दुपारी बँकेचा मेसेज. खात्यात पैसे जमा. तिच्याकडून! भत्त्यातून घरखर्चाला पाठवले असणार. म्हणजे संसार चालू आहे. गोदामातल्या सगळ्यांना सांगितलं, बायको पैसे पाठवते. मालकांनी पाठ थोपटली.
संध्याकाळी फोन केला. म्हणाली, पहिल्या तीन वर्षांची फी तू भरलीस, ती थोडी थोडी परत करतेय. नोकरी लागली की लवकर फिटेल.
म्हटलं, वेडी का खुळी? ते काय कर्ज होतं?
म्हणाली, "नव्हतं. म्हणून तर जड झालंय."
म्हटलं, मला नकोत.
म्हणाली, "मला द्यायचेत. ती तीन वर्षं तू खरंच केलंस रे. ते मी कधीच विसरणार नाही. पण आता मला मोकळं व्हायचंय."
मग तिनं विचारलं, जेवलास का? म्हटलं, हो. अजून जेवायचा होतो.

६ ऑक्टोबर
कामाला जाण्याआधी बँकेत गेलो, पैसे परत पाठवायला. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, कशासाठी म्हणून लिहू? घरखर्च, भेट, उसने?
मागे रांग वाढत होती. पाठीमागचे गृहस्थ म्हणाले, अहो, ठरलं का तुमचं?
म्हटलं, नाही. तुम्ही घ्या.
बाजूला झालो.