पाळदे प्रकारची शिवराई

२७ सप्टेंबर १९९८, रविवार
सुवर्णानं तीन महिन्यांपूर्वी आणलेला कढीपत्ता लावायला अखेर मुहूर्त लागला. घरामागे आग्नेय कोपऱ्यात खणायला घेतलं. दोन फुटांवर तांब्याचं नाणं! शिवराई! सोबत कुजलेली सुपारी आणि लाल चिंधी. म्हणजे इथले तत्कालीन लोक विडा खात आणि बऱ्यापैकी श्रीमंत असत. खड्डा तसाच ठेवला, हे आता उत्खनन आहे. सुवर्णानं बायकोच्या हक्कानं विचारलं, मग कढीपत्त्याचं काय? इतिहासापुढे फोडणी गौण.

२८ सप्टेंबर
सिक लीव्ह टाकली. दिवसभर लायब्ररीत. शिवराईचे म्हणे ढिगानं प्रकार. अक्षरांच्या वळणावरून, कडेच्या ठिपक्यांवरून ओळखतात. उद्यापासून पहाटे पाचला उठून अभ्यास. महिन्याभरात जिल्ह्यातला अधिकारी माणूस.

२९ सप्टेंबर, सकाळी साडेनऊ
आत्ता उठलो. भिंग आणलं. नाण्यावर काळा थर, ठिपके धड मोजता येत नाहीत.

१ ऑक्टोबर, दसरा
सुवर्णा देवाची भांडी घासत होती. तिच्याकडून चिंच घेतली, वर मीठ घातलं, अर्धा तास दाबून चोळलं. ताम्हनासारखं लखलखीत! कडेला ठिपके बरोब्बर नऊ. पुस्तकातल्या एकाही शिवराईला नऊ नाहीत. नवा प्रकार! नाव ठरवलं: 'पाळदे प्रकार'. आमच्या घराण्यात आजवर कशालाच कुणाचं नाव लागलेलं नाही. सुवर्णा म्हणाली, घासायच्या आधी ठिपके जास्त होते. तिला शास्त्रीय दृष्टी नाही.

५ ऑक्टोबर
नाणेसंग्राहकांची सभा ११ तारखेला, शालिमारजवळच्या हॉलात. भाषणासाठी माझं नाव दिलं. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. साहेबही येतो म्हणाले. सफारी इस्त्रीला. भाषण उद्या लिहिणार.

१० ऑक्टोबर
भाषण उत्स्फूर्त करणार. लिहून वाचणारे खूप झाले.

११ ऑक्टोबर, संध्याकाळी सात
अध्यक्ष भिकन सर. रिटायर्ड शिक्षक, चाळीस वर्षं नाणीच जमवतात. त्यांनी शिवराई हातात घेतली आणि मटकन खुर्चीत बसले. याला काय लावलंत, म्हणाले. मी कृती सांगितली, मिठासकट. त्यावर ते म्हणाले की बाकीचे ठिपके चिंचेनं खाल्ले, नाणं साध्यातलं साधं आहे, आणि जुन्या नाण्याला चिंच लावणाऱ्याला हॉलात घेऊ नये. सगळे हसले. साहेब सगळ्यांत जास्त. लाज वाटली. खोटं कशाला लिहू, फार वाटली.
पण एक मुद्दा त्यांना खोडता आला नाही. नाणं आमच्या जमिनीत आलं कसं? सुपारी, रेशमी वस्त्र! घराखाली जुनी वसाहत आहे. दिवाळीच्या सुट्टीत अख्खा कोपरा खणणार.

१७ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
आई मनमाडहून धाकट्याकडून आली. मागच्या दारी खड्डा पाहिला, हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. म्हणाली, कोण्या मुडद्यानं उकरलं हे? मी वसाहतीचं सांगितलं. तर म्हणाली, येड्या, वास्तुशांतीला मीच पुरला हाय तो पैसा. सुपारी अन् खणाचा तुकडा पण माझाच. तुझ्या आजीच्या बटव्यातली शिवराई ती. तू तिथंच पाटावर बसला व्हता.
मी शांतपणे पुरावा मागितला. म्हटलं, असं काही झालं असतं तर माझ्या रोजनिशीत असतं. माळ्यावरून १९९४ ची काढली.
'१३ मे. वास्तुशांत. जेवणाला उशीर. आई खड्ड्यात आजीची शिवराई पुरू का विचारते. म्हटलं, पूर. असल्या ढिगानं मिळतात.'
अक्षर माझंच आहे.

१८ ऑक्टोबर
शिवराई परत पुरली. नवी सुपारी, नवा खण. आईनं मला पाटावर बसवून खड्ड्याची माफी मागायला लावली. मागितली. सुवर्णा हसत होती, मग मलाही हसू आलं. शेजारी हातभर अंतरावर कढीपत्ता लावला. इतके दिवस पिशवीतच वाळत होता, नऊच पानं उरलीत. मोजली.