अर्धा कोरलेला देव

बाबा, परवा वलगावच्या रस्त्याने गेलो होतो. तुमचं लाकूड अजून तिथंच आहे. आता त्याला कुणी लाकूड म्हणत नाही. शेंदराचे थर चढून चढून ते नुसतं लाल, गुळगुळीत, खांद्याएवढं काहीतरी झालं आहे. बराच वेळ उभा राहिलो. मनात काही दाटून येईल म्हणून वाट पाहिली. पाठीवर ऊन होतं, एवढंच जाणवलं.

ते दिवस कापसाचे. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई लागलेली, तिकडचा कापूस अडलेला आणि इथे आपल्या काळ्या रानाला कधी नव्हे तो भाव आलेला. दिवसभर कापसाने भरलेल्या बैलबंड्या अमरावतीकडे जात. शेजारचे लोक बैलांची शिंगं चांदीने मढवत होते, आणि तुम्ही ऐन वेचणीत रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली बसून वाकसाने लाकूड तासत होता. उभ्या झाडाला तुम्ही कधी हात लावला नाही. वादळात पडलेली फांदी उचलायची आणि ती जशी वळली असेल तशी कोरत जायचं. आई म्हणायची, "लोकं कापसाचं सोनं करून राहिले, अन् तुमी सोन्यासारख्या दिवसाचा भुसा करून राहिले." तुम्ही हसायचा आणि अंगावरचा भुसा झटकायचा.

मी तेव्हा अकोल्याच्या शाळेत नवा मास्तर. डोकं आर्या-श्लोकांनी भरलेलं. सुट्टीत आलो की तुमच्यासमोर उकिडवा बसायचो. "बाबा, हा मेघ का? का मान वळवलेली हरिणी?"

"लाकूड हाये."

"पण कशासारखं?"

"कशासारखं काहून पायजे? तुले सारं कशासारखं तरी लागते बाप्पा. मात्रा मोज तू आपल्या."

मग त्याच कडुलिंबाची ती मोठी फांदी पडली. एवढं मोठं काम तुम्ही पहिल्यांदाच धरलं होतं. वरचं वळण झालं, पाठ झाली. मधोमध आरपार पोकळी काढायची राहिली. तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसलं पाहिजे, असं तुम्ही मला बोटाने हवेत काढून दाखवलं होतं. लाकूड तडकू नये म्हणून तुम्ही त्याला जवसाचं तेल चोळलं, खोडाशी उभं केलं, आणि आईच्या धोशापायी वेचणीला शेतात गेलात. तेवढ्यात चूक झाली. लिंबाखाली उभं, तेलाने चकाकणारं, नाक नाही डोळे नाहीत: आपल्याकडे अशाला देवच म्हणतात. कुण्या बंडीवाल्याने शेंदूर लावला. त्याचा माल चढ्या भावाने गेला, येताना त्याने नारळ फोडला. तुम्ही शेतातून परत आलात तोवर तिथे हळदीकुंकू, फुलं, आणि पुढ्यात नारळ ठेवून, हात जोडून बसलेली एक बाई.

"अवं बाई, हे माहं काम हाये. पोट कोराचं राह्यलं त्याचं."

"देवाले हत्यार लावता का, दादा? आमचा कापूस तं इकू द्या!"

"बरं, इकू द्या. मंग पाहू."

एकाचा विकला की दुसऱ्याची बंडी यायची. तुम्ही रोज लांबून बघून परत यायचा.

पुढे लढाई संपली, भाव कोसळला. भरलेल्या बंड्या तशाच माघारी येऊ लागल्या. त्या सकाळी तुम्ही जवळजवळ खुशीत होता. वाकस, पटाशी घेतली. "चाल, आता कोन पुजते त्याले!" मी मागोमाग. झाडाखाली पाहतो तो पूर्वीपेक्षा दुप्पट माणसं. तीच बाई होती, या वेळी नारळ नव्हता. तिने तुमच्याकडे पाहिलं आणि सरकून जागा केली. "बसा दादा. तुमचाबी पडून असन ना कापूस?"

तुम्ही बसलात. हत्यारं मांडीवर. घरी आल्यावर तुम्ही कुऱ्हाडीला दांडा बसवला, आणि त्यानंतर लाकडाची असलीच कामं केलीत.

तुम्ही गेल्यावर घरातले बाकीचे आकार आईने एकेक करून चुलीत घातले. वाळलेले होते, छान पेटायचे. मी समोर बसून भाकर खाल्ली. राहिलं ते एवढं एकच, देव झालं म्हणून.

परवा मी शेंदरावरून हात फिरवून तुमची पोकळी कुठे यायची होती ते शोधलं. सापडलं नाही. जन्मभर पोरांना उपमा शिकवल्या, एकही आठवली नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहितो. मी नुसतं बघायला गेलो नव्हतो. धाकट्या नातीचा ताप उतरेना, सून रडत होती, म्हणून गेलो होतो. तुमच्या लाकडाला नवस बोलून आलो, बाबा. काल पोरीचं अंग निवलं.

उद्या शेंदूर घेऊन जायचं आहे.