श्रीमंत कुणीच नव्हतं

आई, काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुझी फार आठवण आली. आपली मुलुंडची चार मजली बिल्डिंग पाडून तिथे टॉवर उभा राहिला, ते काही तू पाहिलं नाहीस. तळमजल्यावर वाढलेली तुझी मुलगी आता बाराव्या मजल्यावर दोन फ्लॅट जोडून राहते.

जुन्या बिल्डिंगला लिफ्ट बसली तेव्हा मी सातवीत असेन. तू विळीवर नारळ खवते आहेस आणि मी तावातावाने विचारते आहे, "आपण खाली राहतो, मग लिफ्टचे पैसे आपण का भरायचे?" तू मान वर न करता म्हणालीस, "वरच्या नानांना मूलबाळ नाही. तरी टॅक्स भरतात ना? त्यावर तुझी म्युनिसिपालिटीची शाळा चालते. त्यांनी कधी विचारलं, कुणाची पोर शिकते म्हणून?" मग खोबऱ्याची वाटी माझ्या हातात ठेवलीस. "जा, नानांना दे. आणि लिफ्टनेच जा गं, एवढं लागलंय तर वसूल कर." मी फणकाऱ्याने गेले खरी, पण उगाचच दोनदा वर-खाली करून आले. तू ओळखलंस आणि गालातल्या गालात हसलीस.

कालचं भांडणही तसलंच. टॉवरचा मेंटेनन्स जुन्या पेन्शनरांना झेपत नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकू, तुझी मैत्रीण, फ्लॅट विकून बदलापूरला जायच्या बेतात आहेत. म्हणून मोठ्या फ्लॅटवाल्यांनी थोडं जास्त द्यावं, असा ठराव आला. दोन गाड्या असलेले शेजारी उसळलेच. "आम्ही मिडल क्लास माणसं यार! सरकारला टॅक्स आम्हीच भरायचा, आणि इथे पण आम्हीच?" मग एकेक जण उठून आपण कसे मिडल क्लास ते सांगू लागला. आई, त्या हॉलमध्ये श्रीमंत कुणीच नव्हतं. मलाही ते पटत होतं गं. घराचे हप्ते आहेत, लेकीची फी आहे, आणि माझ्या वरच्या मजल्यांवरची घरं बघितली की मला आपण गरीबच वाटतो.

काकू पुढच्या खुर्चीवरून मागे वळून माझ्याकडेच बघत होत्या. ठराव मान्य असेल त्यांनी हात वर करा म्हणाले, मी केला. ठराव कसाबसा पास झाला. बाहेर पडताना काकूंनी माझा गाल कुरवाळला. "अगदी आईवर गेलीस गं." मी नुसती हसले. तुला मात्र खरं सांगते, हा कागद माझ्या कपाटातून कुठे जाणार नाही म्हणूनच सांगते: चिठ्ठ्या टाकून मतदान असतं, तर मी विरोधात मत दिलं असतं.