डॅरेलच्या हातावरचं दही

येना, जर्मनी, मंगळवार, संध्याकाळ

दार उघडते तो समोर डॅरेल, वरच्या मजल्यावरचा अमेरिकन! शाळेपासून बास्केटबॉल खेळतो, पुढे कॉलेजात, मग पोलंड, तुर्कस्तान, आणखी कुठं कुठं. दुसऱ्या वर्षी कुणीच ठेवून घेत नाही बिचाऱ्याला. मे महिन्यात निघाला, तेव्हा परत ये म्हणून हातावर दही घातलं. केवढा तो तळवा, चार चमचेही टिकलीएवढे दिसले! सून मेधा म्हणाली, "आई, तो कशाला परत येतोय?" मलाही तसंच वाटलेलं, खोटं कशाला बोलू? आणि आज म्हणे इथल्याच क्लबनं पुन्हा घेतलं! पेढा पुढे केला, तर तोच तळवा पसरून म्हणतो, "आजी, दही!"

"मेधा, सांग गं त्याला, ते जाताना देतात. आता मिळायचं नाही."