ताईच्या कारखान्याचं मागचं दार

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. पत्र फाडायचं तर खुशाल फाड, पण वाचून फाड. परवा आमच्या दारात उभी राहून तू मला ‘मोठा आला साहेब’ म्हणालीस, ते माझ्या बायकोला इतकं पटलंय की आता घरात माझं तेच नाव पडलंय.

तुझ्या शिवणकारखान्यात मी पहिल्यांदा तपासणीला आलो, तेव्हा तू सगळ्या बायकांना ओरडून सांगितलंस, हा आमचा बारक्या, याचा शेंबूड मी पुसलाय. मी अग्निशमन दलाचा गणवेश घालून उभा आणि त्या तोंडाला कापड लावून हसतायत. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? आईच्या माघारी तूच मला वाढवलंस, मशीनवर वाकून वाकून. त्या दिवशी मी नोटिशीत लिहिलं, मागच्या जिन्याच्या दाराचं कुलूप काढा, तिथे ‘बाहेर जाण्याचा मार्ग’ अशी पाटी लावा, आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवा.

पुन्हा आलो तर काय पाहतो! पाटी म्हणून तुम्ही सगळ्यांनी मिळून नायलॉनच्या कापडावर ती अक्षरं भरली होती, कडेने वेलबुट्टी, आणि ते कापड पडद्यासारखं दारावर सोडलं होतं, नेमकं कुलपावर. नळकांड्याला धूळ बसू नये म्हणून खोळ शिवली होती, गळ्यापासून तळापर्यंत काजं आणि बटणं. आग लागली की आधी बटणं सोडत बसायचं का, असं मी विचारलं तेव्हा तूसुद्धा पोट धरून हसलीस. खोळ लगेच काढलीस. कुलूप मात्र तसंच राहिलं.

तुझी भीती खोटी नाही. त्याच जिन्याने चोरांनी कापडाचे तागे नेले, हे मला माहीत आहे. तेव्हापासून ती किल्ली तुझ्या गळ्यात, मापाच्या टेपसोबत. आतून नुसतं ढकललं की उघडतं आणि बाहेरून चोराला उघडत नाही असं दार मिळतं, हे मी तुला घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. तू दर वेळी म्हणालीस, एवढी गणवेशांची ऑर्डर हातावेगळी होऊ दे. एक ऑर्डर संपली की दुसरी येते, ताई. देवाने तुझ्या हाताला यश दिलंय, म्हणून तर पंचाईत आहे.

मंगळवारी मी न सांगता सराव घ्यायला आलो. तू खाली व्यापाऱ्याकडे गेली होतीस. मी भोंगा वाजवला आणि सगळ्याजणी पुढच्या जिन्याकडे धावल्या, कारण रोज त्या तिथूनच येतात. चिंचोळ्या जिन्यात एकीवर एक. गुडघेदुखीमुळे काजं करणाऱ्या मावशींना त्या गर्दीत शिरता येईना. म्हणून त्यांनी पाटीवर लिहिलं होतं तेच केलं. मागे वळल्या, स्वतःच भरलेलं ते कापड बाजूला सारलं आणि कुलूप ओढत राहिल्या. मी शेजारीच उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघून अगदी साधेपणाने विचारलं, “साहेब, आता कुठं जाऊ?”

मग तू धापा टाकत वर आलीस आणि म्हणालीस, “एवढं काय तोंड पाडतोस? खोटीच होती ना आग?”

गेल्या महिन्यात त्या गोदामाला लागलेली आग खोटी नव्हती. तुला मी एवढंच सांगितलं होतं की फार उशीर झाला. आज पुढचं सांगतो. आम्ही पोचलो तेव्हा मालक रस्त्यावर उभा होता. मागच्या दाराची किल्ली त्याच्या तळहातावर होती. आत माणसं होती आणि तो येईल त्याला किल्ली दाखवत होता, ही बघा, माझ्याकडेच आहे, ही बघा. वाईट माणूस नव्हता तो. चोरांना भ्यायचा, तुझ्यासारखाच. तेव्हापासून तुझ्या गळ्याकडे माझ्याने बघवत नाही.

तू ओळखीच्या पुढाऱ्याकडून आमच्या साहेबांना फोन करवलास, ते कळलं. साहेब चिडले नाहीत. म्हणाले, बहीण आहे तुझी, कशाला वाईटपणा घेतोस, ही फाइल दुसऱ्याकडे देऊ. दुसरा भला माणूस आहे, तो तुला आणखी मुदत देईल. मी फाइल सोडली नाही. तुझ्याशी मला काय दावा साधायचाय? पण तो मुदत देईल, म्हणूनच सोडली नाही.

हे पत्र तुला आज मिळेल. उद्या सकाळी मीच येतोय, वीज तोडायला आणि कारखान्याला सील लावायला. नोटिशीवर सही माझी आहे, आणि ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हा खटाटोप. ऑर्डर हातची जाईल, बायका घरी बसतील, मावशी मला शाप देतील, सगळं माहीत आहे. नवं दार बसव, त्याच दिवशी सील काढायला येईन. उद्या मात्र सगळ्यांना घेऊन खाली उतर. शिव्या घालत उतर, माझ्या साहेबांसमोर माझा कान पिरगाळ. नंतर जन्मभर माझ्याशी अबोला धर, चालेल मला. अबोला धरायलासुद्धा ताई असावी लागते.

तुझाच,
बारक्या