सरपंचांच्या हातातला माइक

प्रिय मुर्तीताईस विविकचा सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा रक्तदाब? (वाढला असेल तर व्हिडिओ त्यांनीही पाहिला असं धरून चालते.) फोन करत नाही, कारण तुझ्या घरी भाऊजी तो स्पीकरवर टाकतात.

खरं काय झालं ते माझ्याकडून ऐक. नारळवाल्या सुपार्तीच्या मुलीचं लग्न होतं. मी डांगडुटची ठेकेबाज गाणी गात होते, आमचे हे, तारमुजी, ढोलकीवर. सरपंच सुगियोनो आशीर्वाद द्यायला मंचावर चढले आणि माइक धरून गायलाच लागले. एक गाणं झालं, दुसरं झालं (सूर पहिल्यातच घरी निघून गेला होता). ते उतरेपर्यंत जेवायला उठायची कुणाची छाती नाही. नवरी सकाळपासून उपाशी, डोक्यावर तो जड मुकुट. ती खुर्चीत कलली, तशी मी त्यांच्या हातातून माइक काढून घेतला आणि म्हणाले, "सरपंचसाहेब, निवडणूक झाली. आता खाली बसा."

कुणीतरी ते टिपलं, कुणीतरी त्यावर ठेका चढवला, आणि आता पार सुराबायापर्यंत पोरंटोरं माझ्या "खाली बसा"वर नाचतात. सरपंच खवळले, माफी हवी म्हणाले. हल्लीची रीत तुला ठाऊकच आहे: हातात कागद धरायचा, चेहरा पाडायचा, माफी वाचायची आणि तो व्हिडिओ जगभर सोडायचा. नाहीतर आमच्या बँडला गावात परवानगी नाही. माफीने काही जीभ झिजत नाही, असं तारमुजींचं म्हणणं. मी म्हटलं, जीभ नाही झिजत, गळा बसतो.

शेवटी बसले कॅमेऱ्यासमोर, पण लाल चमकीचा पोशाख घालून (मयताला आल्यासारखी मी बसणार नाही). वाचलं, "नवरीबाईची मी मनापासून माफी मागते. माइक काढून घ्यायला मला फार उशीर झाला."

परवानगी गेली. गेली तर गेली. तारमुजींनी अबोला धरला. मग एका सकाळी पाहते तर ढोलकीला नवं कातडं चढवत बसलेले. शेजारच्या गावांतून बोलावणी येताहेत.

तुझी,
विविक

ता. क. सरपंचांनी आता स्वतःच्या गाण्याचा व्हिडिओ टाकला आहे. मी तो शेवटपर्यंत ऐकला. मला घाबरट म्हणायची आता कुणाची बिशाद नाही.

पुन्हा ता. क. लिहायचं होतं ते हेच. ईदनंतरच्या त्या लग्नात तू गायलीस, म्हणून भाऊजींनी तुझ्याही हातात असाच कागद दिला होता. तेव्हापासून तू गायली नाहीस. ब्लितारच्या बायकांना त्यांच्या मेळ्यासाठी दोन गायिका हव्या आहेत. मी तुझं नाव देऊन टाकलं. तुला विचारलं नाही. भाऊजींशी बोलायची चिंता करू नकोस. हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाच, म्हणजे झालं.