नाव बदलले आहे

मसुरे, ता. मालवण
गुरुवार, दुपार

प्रा. डॉ. नाझमीन यांस, पुणे
(एरवी मी 'नाझमीन गो' म्हणते, पण आज राग आहे म्हणून पदवी लावली.)

शर्मिलाचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मी दिलेलं तेल लावतेस की कपाटात ठेवून दिलंस? तुझ्या बहिणीची, जहिराची, साखर उतरली का? तिला माझी आठवण सांग. इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तू समाजशास्त्र शिकवतेस, रीत कुठली आणि खरं कुठलं ते तुला कळत असेल. फोन का केला नाही असं विचारशील. फोनवर मला रडू येतं, आणि तुला लोकांचं बोलणं टेप करायची सवय आहे.

गेल्या पावसाळ्यात तू आलीस तेव्हा मला वाटलं, मैत्रीण आली. मी साच्यातून तांदळाचे शिरवाळे पाडले, नारळाचा रस काढला, आणि पडवीत बसून आपण वसतिगृहातल्यासारख्या बोलत सुटलो. तुझा मोबाईल चहाच्या कपाला टेकून उभा होता. मी समजले, कुणाचा फोन यायचा असेल. तू म्हणालीस, ओळख, अस्सलपणा आणि स्वास्थ्य यांवर काम चाललंय, तू नुसतं बोल, नाव गुप्त राहील. मी बोलले. आपल्या शाळेत सगळ्यात जास्त मार मी बडबडीसाठीच खाल्ला, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

मग रविवारच्या पुरवणीत तुझा लेख आला. त्यात मालवण तालुक्यातलं 'म.' नावाचं गाव आहे (मसुऱ्याचा म, किती खोल लपवलंस), आणि त्या गावात 'सारिका' नावाची गृहिणी आहे. पुढे कंसात 'नाव बदलले आहे'. ती सारिका म्हणते, 'नवरा घरी नसला की मी जास्त मी असते.'

नाझमीन, नाव बदलायचं तर गावात नसलेलं तरी घ्यायचं. आमच्या कुंपणापलीकडे एक सारिका राहते. तू जाताना भर पावसात एसटीच्या थांब्यापर्यंत तुझ्यावर छत्री धरून कोण आली होती? तीच. तिचं नाव तिथूनच तुझ्या डोक्यात शिरलं असणार. आणि तिचा नवरा देवेश शिपवर असतो, वर्षातले बरेच महिने समुद्रात. आता ते वाक्य पुन्हा वाच, आणि वाचताना तिची सासू हौसाबाई शेजारी बसली आहे असं समज.

कंस गावात कुणी वाचत नाही. (कंस फक्त मी वाचते, कारण शाळेत सिस्टर बेनेडिक्टांनी कंसाबाहेरचं आणि आतलं असं दोन्ही पाठ करून घेतलं होतं.) रविवारी दुपारपर्यंत लेख बाजारातून फिरून हौसाबाईंच्या अंगणात पोचला. त्यांना वाचता येत नाही, पण ऐकू चांगलं येतं. "घोव थंय दर्यार मरमर मरता, आणि ही हयसर जास्त 'मी' जाता?" असं त्या कुंपणाकडे तोंड करून म्हणाल्या, म्हणजे मला ऐकू यावं. तुझ्या लेखात पुढे असंही होतं की सारिका बाजारात मालवणी, बँकेत शुद्ध मराठी आणि मनात इंग्रजी बोलते. त्यावर तर त्या पेटल्याच. "मनात इंग्लिश बोलता आणि माका गॅसवाल्याचो कागद शेजारणीकडसून वाचून घेवचो लागता." बिचारी सारिका शपथा घेत राहिली. सोमवारच्या सकाळी तिला आरोंद्याला माहेरी धाडलं. थांब्यावर बॅग घेऊन उभी होती, तीच छत्री काखेत. मी घराच्या खिडकीतून पाहिलं आणि मागे सरले.

कारण माझ्याही घरात पेपर येतो. गुरुप्रसादांनी तो लेख मला मोठ्यानं वाचून दाखवला. "बघ गो, बिचारो देवेश. आमच्याकडे असला काय नाय, देवाची कृपा." मी भात उपसत होते. हे दर दोन महिन्यांनी आमच्या सुदेशकडे डोंबिवलीला जातात, आणि ते गेले की मी रेडिओ मोठा लावते, जेवणात नुसती पेज घेते, दुपारी पाय पसरून शाळेतली गाणी म्हणते. हेच तुला सांगितलं होतं ना? चेष्टेत सांगितलं होतं. खरं बोलावं तर शेजारची पोर घरी येते आणि माझा नवरा दुखावतो. गप्प बसावं तर नवरा खूश आणि पोर आरोंद्याला. लेखात तू अस्सलपणाची मोजपट्टी छापलीस, तिच्यात यासाठी एखादा रकाना आहे का?

मोजपट्टीवरून आठवलं. तू लिहिलंस की सारिकेचं स्वत्व विखुरलेलं आहे, आणि तिची मालवणी ही 'बाजारापुरती धारण केलेली ओळख' आहे. हे तू लिहावंस? शाळेत मालवणी बोललं की बाकावर उभं करत. सगळ्यात जास्त वेळ उभ्या कोण असत? तू आणि मी. रात्री एका चादरीखाली आपण कुजबुजायचो ती कुठली भाषा होती? तू घरच्या आठवणीनं हमसून रडायचीस आणि मी म्हणायचे, "गप गो, उद्या तुझो बापूस येतलो." ती मी बाजारापुरती धारण केली होती का? मी मासे मालवणीत घेते, कारण मराठीत मागितले तर बाई शिळे देते. बँकेत मराठी बोलते, कारण तिथला साहेब लातूरचा आहे. वादळ आलं की तोंडून शाळेतली प्रार्थना इंग्रजीतून येते आणि हात देवघरातल्या निरांजनाकडे जातो. यातली खरी शर्मिला कुठली, असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि मी छान झोपत होते.

शेवटी मी बाबलीकडे गेले. बाबली आमच्या देवळात गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालतो. त्याला म्हटलं, माझं नाव न घेता एवढं मिटव. तो म्हणाला, "नाव बदलूचा काय?" मी म्हटलं, नको, बदलायचं नाही, अजिबात घ्यायचं नाही.

मंगळवारी सगळं गाव देवळात जमलं. बाबलीनं नारळ ठेवला आणि सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, पेपरात आमच्या सारिकेचा नाव इला, ता बोलणा तिचा न्हय, रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." "बोलणारी दुसरी आसा. तीन-तीन भाषांनी बोलता, पण आसा ती आमचीच, रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." "जी काय चूकभूल झाली, ती पोटात घाल, आणि त्या पुण्याच्या बाईक सुबुद्धी दी, रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." तीन भाषा म्हटल्यावर नाव घ्यायचं काय राहिलं? सगळ्या बायका माझ्याकडे वळून बघत होत्या. पण 'आमचीच' या शब्दावर शे-दोनशे माणसं 'व्हय' म्हणाली आणि मला खांबाआड जाऊन डोळे पुसावे लागले. तुझी पाहणी किती जणांची होती?

सर्वांत मोठा 'व्हय म्हाराजा' गुरुप्रसादांचा होता.

हौसाबाई काल स्वतः एसटीनं आरोंद्याला जाऊन सुनेला घेऊन आल्या. जरा हिरमुसल्या आहेत. "म्हणजे आमच्या घरातला कोणच पेपरात इला नाय?" असं मला विचारत होत्या. सारिका माझ्याशी बोलते, पण कुंपणापलीकडूनच.

तेव्हा पुन्हा माझ्या घरी संशोधनाला येऊ नकोस. शिरवाळेही मिळणार नाहीत.

तुझ्यावर चिडलेली,
शर्मिला

ता. क. तेल कोमट करून लाव. आणि मोबाईल न घेता येणार असलीस तर शिरवाळ्यांचं बघू.

ता. क. दुसरा. देवळातून येताना गुरुप्रसाद म्हणाले, "दूध उतू गेला की इंग्लिशीत शिव्या कोण घालता, ता माका ठावक नाय? पेपरातली सारिका कोण, ता माका रविवारीच कळला." मी विचारलं, "मगे इतके दिवस बोललात कित्याक नाय?" "तू सांगतंस काय, ता बघी होतंय." घरी येऊन नीट जेवले, भात चांगला झालाय म्हणाले, आणि काल पहाटेच्या गाडीनं डोंबिवलीला गेले. परतीचं तिकीट काढलेलं नाही. सुदेशला विचारलं तर म्हणतो, बाबा म्हणाले, तुझी आई आता भरपूर 'ती' होऊंदे.

ता. क. शेवटचा, आणि पत्र खरं यासाठीच आहे. मी रेडिओ अजून लावलेला नाही. तू माझं वाक्य अर्धंच छापलंस. मोबाईल काढ आणि ऐक. मी म्हणाले होते, 'नवरा घरी नसला की मी जास्त मी असते, आणि दोन दिवसांत त्या मीचा मला कंटाळा येतो.' पुढचं वाक्य पुढच्या रविवारी छाप, माझं खरं नाव घालून, कंस न घालता. डोंबिवलीला हाच पेपर येतो.